दुपारच्या वर्गापासून मतदान केंद्रापर्यंत : पुणे सेवासदनाची वाटचाल

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडची वाट माणसांनी फुलून जाते. दरेकसा स्टेशनावर उतरलेली मंडळी धनेगावकडे चालू लागतात आणि तिथून डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. बायांच्या डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे. ओळख असो वा नसो, समोर कुणी दिसले की हात जोडून ‘जय सेवा’ म्हणायचे. आमच्या सालेकसा तालुक्यातली मुले हा शब्द ऐकतच मोठी होतात. त्यामुळे पुण्याच्या सेवासदनाचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला घेतला, तेव्हा संस्थेचे नाव मला परके वाटले नाही.

गोंड समाजाच्या कोया पुनेम या धर्मपरंपरेत कचारगडच्या गुहेची कथा सांगतात. कली कंकालीची तेहतीस लेकरे या गुहेत कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढले. त्याआधी त्या लेकरांना पोटाशी धरले ते रायताड जंगोने. जंगो दाई म्हणजे निराधारांची माय. आधी आसरा, मग संस्कार आणि मग मोकळीक, असा त्या कथेचा क्रम आहे. सेवासदनाच्या इतिहासातही मला तोच क्रम दिसतो. आधी घर, मग अक्षर, मग कमाई आणि त्यानंतर मताचा हक्क.

स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय निघाला की महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मुंबई इलाख्यात मताची मागणी घेऊन त्या उभ्या राहिल्या, तेव्हा सेवासदनाला बारा वर्षे होत आली होती. त्या मागणीमागे कोणते बळ होते हे समजून घ्यायचे, तर सभांच्या आधी संस्थेच्या दुपारच्या वर्गात जाऊन बसावे लागते.

अक्षरासाठी सोसलेले

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1863 रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद तथा माधवराव रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. माधवरावांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली. मराठी झाले, पुढे इंग्रजी आले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मात्र हे मुळीच खपत नव्हते. दिवसभर घरकाम आणि टोमणे, रात्री धडे, अशी त्यांची कित्येक वर्षे गेली. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हे सारे कुणावर राग न धरता सांगितले आहे. मराठी स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. 1884 मध्ये ते हायस्कूल सुरू झाले. पुढे ‘हुजूरपागा’ या नावाने सारा महाराष्ट्र त्याला ओळखू लागला. भर सभेत बोलणाऱ्या सुनेचे घरी कसे स्वागत झाले असेल, ते वेगळे सांगायला नको.

जानेवारी 1901 मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या वाड्यात परतल्या. सुमारे वर्षभर त्या कुणात फारशा मिसळल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी स्वतःला कामात झोकून दिले. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री-कैद्यांना भेटत, त्यांच्याशी बोलत बसत. इस्पितळातल्या रुग्णांसाठी फळे-फुले घेऊन जात. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी त्या होत्या.

वाड्यातले सदन

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले आणि अध्यक्षपदासाठी रमाबाईंना गळ घातली. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्याचे सेवासदन सुरू झाले. रमाबाई अध्यक्ष होत्या. त्यांच्या बरोबरीने उभे राहिले ते भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. संस्थेची व्यवस्था, पैसा आणि गावोगावचा प्रवास हा भार देवधरांनी वर्षानुवर्षे वाहिला. सेवासदनाचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव रमाबाईंच्या शेजारीच लिहायला हवे.

पहिले वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरले. संस्थेने कुठल्याही शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले नाही. इथे येणाऱ्या मुली लहान नव्हत्या. त्या संसारी बायका होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. सकाळचा स्वयंपाक, जेवणे, उष्टी-खरकटी उरकल्यावर घरातून जो थोडा वेळ मिळेल, त्या वेळात वर्ग ठेवायला हवा, हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून वर्ग दुपारचे. सेवासदन वाढले त्यामागे ही बारीक समज आहे असे मला वाटते. ज्या बाईसाठी संस्था काढायची, तिचा दिवस कसा जातो हे आधी माहीत पाहिजे.

लिहिणे-वाचणे, हिशेब, शिवणकाम असे करत करत वर्ग वाढले. पुढे शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज आले आणि बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह आले. खेड्यातल्या मुलींच्या शाळा शिक्षिकेविना अडून राहत होत्या. बाप मुलीला पुरुष मास्तरापुढे बसवायला तयार नसे आणि बाई मास्तरीण मिळत नसे. हा पेच सेवासदनातून शिकून बाहेर पडलेल्या बायकांनी बऱ्याच ठिकाणी सोडवला. आमच्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांची पिढी त्यांनी मळलेल्या वाटेवरून आली.

परिचारिकांचे शिक्षण ही तर त्याहून अवघड गोष्ट. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची, हे काम चांगल्या घरातल्या बाईने करायचे नाही असाच समज होता. सेवासदनाने हिंदू स्त्रियांना, त्यातही विधवांना, पुण्याच्या ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी पाठवले आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. सुईणींचे शिक्षण त्याला जोडून आले. जिला घरात अपशकुनी म्हणून मागे ठेवत, तीच बाई आता बाळंतिणीच्या उशाशी बसू लागली. हा बदल कुठल्याही ठरावापेक्षा मोठा होता.

एक प्रसंग मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात बक्षीस घ्यायला एक विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. केशवपन केलेली विधवा, अंगावर लाल अलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. वरच्या सज्ज्यात बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या आवाजात संताप होता. आपल्याच घरात कुणाची तरी बहीण, आत्या किंवा आई अशी आहे, हे विसरणाऱ्यांना सुशिक्षित कसे म्हणायचे, असा जाब त्यांनी त्या तरुणांना विचारला. ती विद्यार्थिनी बक्षीस घेऊन जागेवर गेली असेल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वर्गात बसली असेल. सेवासदन म्हणजे काय, हे सांगायला मला तो एक प्रसंग पुरतो.

आळंदीची वाट

सेवासदनाचे काम चार भिंतींत राहिले नाही. 1913 मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मदतकार्यासाठी तिकडे गेल्या. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीला जात. गर्दीत सापडलेल्या, आजारी पडलेल्या, चुकामूक झालेल्या बायांच्या मदतीला या स्वयंसेविका धावत. शेवटच्या वर्षांपर्यंत त्यांनी हे काम केले.

कचारगडला यात्रेच्या दिवसांत आरोग्यपथकातल्या मुली चढाच्या वाटेवर बसलेल्या दिसतात. एका वर्षी अनवाणी चढून आलेल्या एका आजीच्या टाचेत काटा मोडला होता. पथकातल्या एका परिचारिकेने आजीचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, काटा काढला, पट्टी बांधली. उठताना आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘जय सेवा’ म्हटले. ती मुलगीही आमच्याच भागातली. पुण्यातले ससून तिने कधी पाहिले नसेल. पण बाईने रुग्णसेवेचे काम मानाने करावे, यासाठी शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांचे ऋण तिच्या त्या पट्टीतही आहे.

मताची मागणी

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क मागितला. पुढे मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली. हिंदुस्थानातला समाज यासाठी तयार नाही, असे म्हणून समितीने स्त्रियांची मागणी बाजूला ठेवली. याच समितीपुढे 1919 मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनपर्यंत जाऊन स्त्रियांची बाजू मांडून आल्या. अखेर 1919 च्या कायद्याने निर्णय प्रांतांच्या विधिमंडळांवर सोपवला.

म्हणजे लढाई आता प्रांताप्रांतात लढायची होती. मुंबई इलाख्यात ती संघटित करण्यात रमाबाई अग्रभागी होत्या. त्याच सुमारास पुण्यात दुसराही वाद पेटला होता. नगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेच ठेवू नये, मुलींनाही लागू करावे, यासाठी स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या आणि रमाबाई त्यांच्यासोबत होत्या. मुलीला शाळा आणि बाईला मत, हे त्यांच्या दृष्टीने एकाच मागणीचे दोन भाग होते.

विरोधकांचे म्हणणे ठरलेले असे. बायकांना मत हवेच आहे कशाला? त्यांना त्यातले काय कळते? अशा वेळी रमाबाईंच्या पाठीशी निबंध किंवा भाषणे एवढेच नव्हते. शाळा चालवणाऱ्या, रुग्णालयात जबाबदारी पेलणाऱ्या, पगार घेऊन घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. सेवासदनाची बारा वर्षे हाच त्यांचा पुरावा होता. 1921 मध्ये मद्रासने आणि त्यापाठोपाठ त्याच वर्षी मुंबईने स्त्री म्हणून असलेली मताची आडकाठी काढून टाकली.

1924 मध्ये रमाबाई गेल्या. 1962 मध्ये भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आपल्या मुलखात

रमाबाई गेल्या तेव्हा कचारगडचा परिसर मुंबई इलाख्यात नव्हता. आपण मध्यप्रांतात, भंडारा जिल्ह्यात होतो. मध्यप्रांतात स्त्रियांना मताचा हक्क 1927 मध्ये मिळाला. याच वर्षी नागपुरात सेवासदन उभे राहिले. ते आजही चालू आहे आणि रमाबाई रानडे यांच्या नावाने प्रबोधन पुरस्कार देऊन शिक्षणात काम करणाऱ्यांचा गौरव करते. 1928 मध्ये अनसूयाबाई काळे मध्यप्रांताच्या कौन्सिलात गेल्या, 1937 मध्ये विधानसभेच्या उपसभापती झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या खासदार झाल्या. विदर्भाने हा वारसा असा पुढे नेला.

त्याबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 1921 किंवा 1927 चे मत सगळ्या बायकांचे नव्हते. कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या थोड्यांचे होते. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत येणे शक्यच नव्हते. सेवासदनाच्या पहिल्या पिढीचे जगही मुख्यतः शहरातल्या वरच्या जातींचे होते. ही उणीव भरून काढणारे आवाज आपल्याच नागपुरातून उठले. जाईबाई चौधरी यांनी दलित मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली आणि त्या स्त्रियांनी आपले प्रतिनिधित्व आपण मागितले. शेवटी 1950 च्या राज्यघटनेने जमीन, कर, शिक्षण यांची कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत दिले. रमाबाईंनी उघडलेले दार घटनेने सर्वांसाठी सताड केले.

तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातल्या जवळजवळ 28 लाख बायकांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढीच नोंद होती. हक्क दारात आला होता, पण तो घ्यायला स्वतःचे नाव लागत होते.

हे वाचले की मला माझ्या निवडणूक ड्युटीतला एक दिवस आठवतो. सालेकसा तालुक्यातल्याच एका मतदान केंद्रावर बोटाला शाई लावायचे आणि नोंदवहीत सही घ्यायचे काम माझ्याकडे होते. एक म्हातारी बाई आली. वय पाहून मी सवयीने शाईचे पॅड पुढे सरकवले. तिने ते हाताने बाजूला सारले. “मले लिवता येते, बाई,” म्हणाली आणि पेन मागून घेतले. एक एक अक्षर कोरल्यासारखे लिहीत होती. मागे रांग खोळंबली, कुणीतरी आवाज दिला. तिने मान वर केली नाही. नाव पूर्ण झाल्यावर एकदा वाचून पाहिले आणि मगच मतदानाच्या आडोशाकडे गेली. रात्रीच्या साक्षरता वर्गात शिकले, असे तिने जाताना सांगितले. त्या दिवशी माझ्या समोर सेवासदनाचा सगळा इतिहास एका ओळीत लिहिला गेला होता.

आजचे सेवासदन आणि आपले काम

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सेवासदनाच्या शाळा आजही भरतात. संस्थेचा विस्तार सोलापूरपर्यंत झाला आणि तिथल्या मुलींच्या कित्येक पिढ्या सेवासदनात शिकल्या. बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांसाठी चालणारे ‘दिलासा’ केंद्र हे संस्थेच्या मूळ वृत्तीला धरूनच आहे. ज्यांना कुणी वर्गात घेत नाही, त्यांच्यासाठी वर्ग काढायचा, ही ती वृत्ती. संस्था शतक ओलांडून उभी आहे याचे कारण मला यातच दिसते.

रमाबाईंचा वारसा जपायचा म्हणजे त्यांच्या तसबिरीला हार घालून थांबायचे नाही. महाराष्ट्रात पंचायतींमधल्या निम्म्या जागा 2011 पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या भागातल्या बाया सरपंच होतात, ग्रामसभेत बोलतात. पण शेतीच्या हंगामात मोठ्या मुलीची शाळा सुटते ती सुटतेच. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतून निघते आणि सासरच्या यादीत चढायचे राहून जाते. 28 लाखांतला एखादा आकडा आजही आपल्या घरात असू शकतो.

25 जानेवारी हा रमाबाईंचा जन्मदिवस. निवडणूक आयोगाची स्थापना 25 जानेवारी 1950 ची, म्हणून 2011 पासून याच तारखेला राष्ट्रीय मतदार दिवस पाळला जातो. बहुतेक वर्षी त्यानंतर थोड्याच दिवसांत माघ पौर्णिमा येते आणि कचारगडची वाट भरू लागते. माझी वाचकांना एकच विनंती आहे. यात्रेला निघण्याआधी घरातल्या सुनेचे नाव मतदार यादीत आहे का, हे पाहून घ्या. नसेल तर अर्ज भरा, आणि त्या अर्जावर तिची सही तिलाच करू द्या. जय सेवा.